पार्किंगच्या कॉन्क्रीटला सीलर: सोलापूरच्या हवेत कोणता, कधी आणि त्याआधी काय

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात नवं घर आहे. समोरचं 20 बाय 15 फुटांचं, चार इंच जाडीचं पार्किंग एप्रिलमध्ये ओतलं. पावसाळा सरताना त्यावर पांढरे पट्टे उठले, हात फिरवला की पीठ लागतं, गाडी उभी राहते तिथे तेलाचे डाग आहेत. दुकानदार म्हणतो एपॉक्सी, म्हणजे प्लॅस्टिकसारखा कडक थर धरणारा रंग, मारा. गवंडी म्हणतो सिमेंटचं पाणी ओतून घोटून देतो. मागचं 12 बाय 10 चं अंगण अजून ओतायचं आहे. समोर सीलर, म्हणजे कॉन्क्रीटला पाणी आणि डागांपासून वाचवणारं द्रव्य, मारायचं काम दिवाळीच्या आत उरकावं का?

दिवाळीच्या आत नको. सोलापूरला पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि ऑक्टोबरातही परतीचा पाऊस येतो. त्या सुमाराला स्लॅबच्या खालची काळी माती पाणी पिऊन बसलेली असते. दोन दिवस ऊन पडलं की कॉन्क्रीट वरून कोरडं दिसतं, पण आतली ओल तशीच असते आणि ती वरच येणार. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत चांगला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे दिवस तर उत्तमच, हवा कोरडी आणि ऊन बेताचं. यंदा दिवाळीत पणत्यांखाली ताटल्या ठेवा. उघडं कॉन्क्रीट तेल टिपकागदासारखं ओढतं आणि तो डाग नंतर काढणं हे सीलर मारण्यापेक्षा जास्त मेहनतीचं काम आहे.

एपॉक्सीही नको आणि सिमेंटचं पाणीही नको. एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि पिठाळतं. त्याचा थर वाफ बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खालून ओल आली की फोड येतात आणि मग पापुद्रे सुटतात. गोडाऊनच्या आत, सावलीत आणि खाली प्लॅस्टिक अंथरून ओतलेल्या स्लॅबवर ते चांगलं काम करतं, उघड्या पार्किंगवर नाही. सिमेंटचं पाणी म्हणजे जुन्या कठीण कॉन्क्रीटवर एक-दोन मिलिमीटरचा कच्चा थर. त्याला खाली पकड नसते, तो उन्हानं आकसतो आणि चाकाखाली पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. गच्चीवर मारायचं पांढरं वॉटरप्रूफिंगही इथे चालत नाही. ते पावलांचा भार सोसतं, पण गाडीचं स्टिअरिंग जागेवर वळवलं की फाटतं.

बर्फ पडणाऱ्या देशांतले सल्ले वाचून पुष्कळ जण गोंधळतात. तिथलं भय बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचं आणि गोठून फुगणाऱ्या पाण्याचं. आपल्याकडे ते दोन्ही नाही. आपली दुखणी तीन: मे महिन्यातलं ऊन, बोअरच्या पाण्यातले क्षार आणि फुगणारी-आकसणारी काळी माती. उन्हाचा विचार सीलर निवडताना करायचा, क्षारांवर सीलर उपयोगी पडतो. तिसऱ्यावर कुठलाच सीलर चालत नाही. तिथे पाणी खाली जाऊच द्यायचं नाही, एवढाच इलाज.

म्हणून डबा विकत घेण्याआधी एक बादली पाणी पार्किंगवर ओता आणि ते कुठे जातं ते बघा. घराच्या भिंतीकडे जात असेल किंवा मधे साचत असेल, तर आधी ते सोडवायला हवं. ढाळ घरापासून फाटकाकडे, दहा फुटांना निदान दोन इंच हवा. मग वर बघा. पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, एसीची नळी, पागोळीचा पाइप यांतलं काही पार्किंगवर पडतं का? आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. टँकर किंवा बोअरनं टाकी भरताना ओव्हरफ्लो वाहतोच, आणि रोज एकाच जागी पडून वाळणारं बोअरचं पाणी दरवेळी क्षाराचा एक थर मागे ठेवतं. पुष्कळ घरांतले पांढरे पट्टे कॉन्क्रीटचा दोष नसतात, ते याच पाण्याचे असतात. पाइप गटारीकडे वळवला की निम्मं काम झालं.

त्यानंतर घराची भिंत आणि स्लॅब यांच्यातली फट. या कामात सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची जागा हीच. पावसाचं पाणी त्या फटीतून थेट पायाशेजारच्या काळ्या मातीत उतरतं. माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि स्लॅबची कड वर-खाली होत राहते. गवंडी ही फट सिमेंटच्या मसाल्यानं भरतात. मसाला ताठ असतो, स्लॅब हलला की भेग पुन्हा उघडते. फट 12 मिलिमीटर रुंद करून घ्या, धूळ ब्रशनं आणि ब्लोअरनं काढा, आत 15 मिलिमीटरचा फोमचा दोर म्हणजे बॅकर रॉड दाबून बसवा, आणि त्यावर पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे फटीत वाळून रबरासारखं होणारं द्रव्य, भरा. जाडी रुंदीच्या निम्मी, म्हणजे 6 मिलिमीटर. दोर दोन कारणांसाठी लागतो: सीलंट वाया जात नाही, आणि ते तळाला न चिकटता फक्त दोन्ही बाजूंना चिकटतं, त्यामुळे रबरासारखं ताणलं जाऊ शकतं. तिन्ही बाजूंना चिकटलेलं सीलंट फाटतं. एवढ्या मापाला 600 मिलिलिटरच्या एका सॉसेजमध्ये (सीलंटच्या लांबट, मऊ पाकिटात) साधारण 25 फूट होतात, म्हणजे तुमच्या 20 फुटी कडेला एक पुरेल. साधं सिलिकॉन वापरू नका, त्यावर पुढे रंग धरत नाही. आणि हे काम सीलरच्या आधी करा. सीलर लागलेल्या कडेला सीलंट नीट चिकटत नाही. भरल्यावर सहा-सात दिवस जाऊ द्या.

स्लॅबला मधे जोड कापलेले नसतील तर एव्हाना कुठेतरी तडा दिसत असेलच. चार इंची स्लॅबला दर आठ ते दहा फुटांवर जोड हवा. केसासारख्या, नखाला न लागणाऱ्या भेगांचं काही करू नका, त्या सीलरमध्ये निभावतात. नख अडकेल अशी भेग ग्राइंडरनं 8 ते 10 मिलिमीटर रुंद करून वरच्याच पद्धतीनं दोर आणि सीलंटनं भरा. पण भेगेच्या दोन बाजू वर-खाली असतील, एका बाजूवर नाणं ठेवलं तर दुसरी तेवढीच उंच लागते असं असेल, तर खालची माती हलते आहे. तिथे आधी गळका पाइप शोधा, स्लॅबला टेकून असलेली फुलझाडांची आळी हलवा. त्या तुकड्याखालचा भराव बदलावा लागला तर तो तेवढाच तुकडा तोडून करा.

आता पांढरे पट्टे. आधी कोरड्या, कडक नायलॉन ब्रशनं घासा आणि पीठ झाडून काढा. पाणी नंतर. पहिल्यांदाच पाणी मारलं की विरघळलेला क्षार परत छिद्रांत जातो आणि आठवड्यानं पुन्हा वर येतो. तरी राहिलेला थर कठीण कार्बोनेटचा असतो, तो पाण्यानं जात नाही. त्याला सल्फॅमिक ॲसिडची पावडर, लिटरला 50 ग्रॅम. लावायच्या आधी जमीन पाण्यानं ओली करून घ्या, म्हणजे ॲसिड आत शोषलं न जाता वरच काम करेल. तीन ते पाच मिनिटं, ब्रश, आणि भरपूर पाणी. बाथरूम धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड शक्यतो टाळा. वापरायचीच वेळ आली तर एक भाग ॲसिडला निदान पंधरा भाग पाणी. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. सोलापुरात पार्किंगच्या कडेला किंवा ओट्याला शहाबादी फरशी असतेच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कुठलंही ॲसिड तिच्यावर पडलं की ती फेसाळते आणि कायमची खडबडीत, फिकी होते. त्या कडा प्लॅस्टिक आणि टेपनं झाका, आणि धुतलेलं पाणी त्यांच्यावरून वाहू देऊ नका.

तेलाच्या डागाला साबणाचं पाणी पुरत नाही, कारण तेल आत गेलेलं असतं. ते वर ओढून घ्यावं लागतं. डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रव्य, लावून घासा, धुवा, मग त्याच डिग्रीजरमध्ये संगमरवराची पावडर किंवा खडूची भुकटी कालवून थालीपीठाच्या पिठाइतकं घट्ट करा. डागावर अर्धा इंच जाड थापा, वर प्लॅस्टिक टेपनं चिकटवा, 24 तास ठेवा. नंतर प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्या. वाळताना तो तेल शोषतो. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. फाटकाखालचे किंवा ग्रिलचं काम तिथेच केल्यामुळे पडलेले गंजाचे ठिपके असतील, तर एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, दहा-पंधरा मिनिटं, ब्रश आणि पाणी. हे विषारी आहे, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा.

प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा फवारा देणारं 25 किंवा 40 अंशांचं नोझल लावा आणि ते जमिनीपासून फूटभर वर धरा. एकाच रेषेत मारणाऱ्या नोझलनं कॉन्क्रीटवर कायमच्या रेघा उमटतात. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यानं करू नका. हौदात साठवलेलं नळाचं पाणी वापरा. आरओचं टाकाऊ पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

हाताला पीठ लागतं, त्याचं मूळ एप्रिलमध्येच आहे. घोटताना वर आलेल्या पाण्यातच थापी फिरवली किंवा ते पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरलं, आणि नंतर उन्हात पुरेसं पाणी दिलं नाही, की वरची कातडी कमजोर राहते. किल्लीनं ओरखडा काढून बघा. बारीक पीठच निघत असेल तर लिथियम सिलिकेटचा डेन्सिफायर उपयोगी पडतो. तो कॉन्क्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून आत कठीण पदार्थ तयार करतो, जो सिमेंट आपणहून तयार करतं तसलाच. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटमध्ये मोकळा चुना कमी असतो, त्यामुळे परिणाम थोडा कमी आणि हळू दिसतो, पण दिसतो. साधारण 100 चौरस फुटांना एक लिटर, म्हणजे तुम्हाला तीन लिटर. वीस मिनिटं ओलं ठेवा, आणि जिथे शोषलं जात नाही तिथलं लगेच पुसून टाका. वाळलेलं सिलिकेट पांढरं आणि काचेसारखं होतं, नंतर निघत नाही. स्वस्तातलं सोडियम सिलिकेट घेऊ नका, त्यातलं सोडियम पुन्हा पांढरं होऊन वर येतं. वरचे दोन-तीन मिलिमीटर बिस्किटासारखे सुटत असतील तर मात्र डेन्सिफायरनं भागणार नाही, तो थर मशीननं घासून काढावा लागेल.

मुख्य सीलर म्हणून सिलेन-सिलॉक्सेन जातीचा, आत मुरणारा घ्या. तो पृष्ठभागावर थर धरत नाही. छिद्रांच्या भिंतींना चिकटून त्यांना पाणी नकोसं करतो, पण छिद्रं उघडी ठेवतो. पावसाचं पाणी आत जात नाही आणि खालची ओल वाफ होऊन बाहेर निघू शकते. काळ्या मातीवर बसलेल्या स्लॅबला हाच गुण हवा. सोलण्यासारखं काही नसल्यामुळे सोलला जात नाही, उन्हानं पिवळा पडत नाही, आणि जमीन होती तितकीच खडबडीत राहते, पावसात पाय घसरत नाही. रंगही बदलत नाही. चकाकी हवी असेल तर तो निराश करेल. डब्यावर सिलेन-सिलॉक्सेनचं प्रमाण बघा, घरगुती पार्किंगला 10 ते 20 टक्के ठीक. नुसतं ‘वॉटर रिपेलंट’ लिहिलेलं, प्रमाण न छापलेलं घेऊ नका. पाणी घालून पातळ करायचा प्रकार असेल तर बोअरचं पाणी वापरू नका, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

हा सीलर तेलाला पूर्ण अडवत नाही. तेलाचा त्रास जास्त असेल तर तेलरोधक लिहिलेला, फ्लोरिनयुक्त प्रकार मिळतो, महाग पडतो. गाडी जुनी आणि गळकी असेल तर मी तिच्याखाली पत्र्याचा ट्रे ठेवायला सांगेन.

ॲक्रिलिकचा चकचकीत सीलर फक्त छापाच्या, रंगीत कॉन्क्रीटला घ्यावा, तोही गाडी न येणाऱ्या जागी. रस्त्यावरून तापून आलेला टायर त्याला मऊ करतो, थंड होताना आकसतो आणि थर उचलतो. चाकाच्या आकाराचे सोललेले चार चौकोन दिसले की कारण हेच असतं.

लावायच्या आधी दोन परीक्षा. पहिली: पाच-सहा ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मिनिटाभरात जमीन गडद झाली तर ती सीलर पिईल. थेंब तसेच बसून राहिले तर वर काहीतरी आहे, बहुधा आतली ओल टिकावी म्हणून ओतताना फवारलेलं मेणाचं क्युरिंग कंपाउंड, आणि ते घासून काढल्याशिवाय सीलर आत जाणारच नाही. दुसरी: दीड फूट चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून संध्याकाळी चिकटवा, सकाळी निदान सोळा तासांनी काढा. खाली दव असेल किंवा जमीन गडद झाली असेल तर आणखी आठवडा थांबा. घराच्या सावलीतल्या कोपऱ्यात ही परीक्षा जरूर करा, तिथे ओल सर्वांत उशिरा जाते.

तुमच्या 300 चौरस फुटांना एकूण आठ लिटर धरा, लिटरला 40 चौरस फूट या हिशेबानं. झाडू फिरवून खरखरीत केलेली जमीन असेल तर दहा. आधी एक मीटर चौकोनावर लावून बघा आणि खरा खप मोजा.

सकाळी दव उडालं की सुरुवात करा, अकराच्या आत संपवा. तळहात दहा सेकंद जमिनीवर ठेवता येत नसेल तर ती फार तापली आहे, सीलर मुरण्याआधीच उडून जातो. गाड्या, ग्रॅनाइटचा ओटा, खिडक्यांच्या काचा, कुंड्या झाका. काचेवर सुकलेले थेंब निघत नाहीत. कमी दाबाचा हातपंप आणि जाड केसांचा रोलर बरोबर ठेवा. तणनाशक मारलेला शेतातला पंप घेऊ नका. दूरच्या कोपऱ्यापासून फाटकाकडे यायचं. जमीन ओली चकचकीत दिसेल इतकं मारा, आणि ते मुरतंय तोवर, पाच-दहा मिनिटांत, आडव्या दिशेनं दुसरा हात. पहिला वाळल्यावर दुसरा मारला तर तो आत शिरत नाही, कारण पहिल्यानं दार बंद केलेलं असतं. दहा मिनिटांनंतर डबकं उरलं असेल तर रोलरनं पसरवा किंवा पुसा, नाहीतर चिकट, गडद ठिपका राहील. सॉल्व्हंटचा प्रकार असेल तर आसपास विडी, अगरबत्ती, गॅस गिझर काहीही पेटलेलं नको.

चालणं सहा तासांनी, गाडी दोन दिवसांनी. पाणी ओतून परीक्षा सात दिवसांनी, तोवर त्याची रासायनिक क्रिया चालू असते. पुढे काही महिन्यांत थेंब मोत्यांसारखे घरंगळणं कमी होईल. त्यावरून सीलर गेला असं समजू नका, वरची अगदी बारीक पातळी उन्हानं आणि घासून जाते, आतला भाग शाबूत असतो. थेंब पसरला तरी जमीन गडद होत नसेल तर सगळं ठीक आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी हीच परीक्षा चाकांच्या पट्ट्यात करा, तिथे झीज आधी होते. साधारण पाच ते सात वर्षांनी पुन्हा लावावा लागतो.

मागच्या अंगणात ही सगळी डागडुजी टाळता येते. काळी माती निदान दीड फूट काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसानं ठोका. वर 250 मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर फूटभर एकमेकांवर. 12 बाय 10 फूट, चार इंच जाडी म्हणजे 40 घनफूट. सिमेंट, वाळू, खडीच्या 1:1.5:3 या प्रमाणाला नऊ पोती सिमेंट लागेल. पोत्याला पाणी 25 ते 27 लिटर. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात, तिथे उभं राहून रोखा, पुढचं सगळं पीठ आणि भेगा त्या जास्तीच्या पाण्यातून येतात. वर आलेलं पाणी आपोआप उडाल्यावरच थापी लावायची. कोरडं सिमेंट भुरभुरू द्यायचं नाही. मऊ झाडू एकाच दिशेनं फिरवून खरखरीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दिशांना मधोमध एक इंच खोल काप, म्हणजे 6 बाय 5 फुटांचे चार तुकडे. उन्हाळ्यात हे काप त्याच संध्याकाळी, कड न तुटता पातं चालायला लागलं की लगेच.

पाणी देणं पीपीसीला 14 दिवस. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडणं म्हणजे पाणी देणं नव्हे. दुपारी जमीन वाळते, रात्री पुन्हा भिजते, आणि त्या फेऱ्यांनी जाळीसारख्या भेगा पडतात. ओलं गोणपाट अंथरून त्यावर प्लॅस्टिक टाका, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला विटा, आणि गोणपाट एकदाही कोरडं पडू देऊ नका. ओतायचं काम डिसेंबरात काढा, म्हणजे दोन आठवडे पाणी, दोन आठवडे वाळणं, आणि प्लॅस्टिकची परीक्षा पास झाली की जानेवारीच्या शेवटी सीलर. त्या अंगणात पापड-कुरडयांचं वाळवण घालणार असाल तर सॉल्व्हंटऐवजी पाण्यात कालवलेला सीलर घ्या, मार्चपर्यंत त्याचा वासही जातो. तरी वाळवण थेट जमिनीवर नको, खाली धुतलेली चादर हवीच.